आठव्या बिटाची कैफियत

जुन्या संगणकाच्या पाठीमागे इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा जो पंचवीस पिनांचा कनेक्टर असतो, त्याच्याकडे पाहून नवख्या माणसाची अशी समजूत होणे स्वाभाविक आहे, की केबलचे टोक त्यात बसले आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले म्हणजे जोडणीचे काम संपले. प्रत्यक्षात काम तेथून सुरू होते. पंचवीस पिनांपैकी मजकूर वाहून नेण्यास अवघ्या तीन पुरतात: टर्मिनलाच्या बाजूने पाहिल्यास दुसऱ्या पिनेवरून पाठवावयाचे, तिसरीवरून घ्यावयाचे आणि सातवी ही दोघांची सामाईक भूमी. परंतु या तीन तारांवरून जे वाहते त्याचा अर्थ काय लावावयाचा, हे तारेत कोठेही नमूद नसते. एका सेकंदात किती बिट पाठवावयाचे, एका अक्षरास सात बिट धरावयाचे की आठ, पडताळणीचा बिट जोडावयाचा की नाही, जोडावयाचा तर सम की विषम, अक्षर संपल्याची खूण एक बिट की दोन, आणि घेणाऱ्याची क्षमता संपली तर त्याने थांबण्याचा इशारा कोणत्या वाटेने द्यावयाचा, या सर्व बाबींचा करार दोन्ही टोकांस आगाऊ झालेला असावा लागतो. आणि तो करार यंत्रे आपापसांत करीत नाहीत, माणसाने तो करून द्यावा लागतो. माझ्या नोकरीचा फार मोठा भाग असले करार जुळविण्यात गेला, निवृत्तीनंतरही ते काम मला शोधीत घरी आले, आणि त्या शेवटच्या कामाने माझ्या मनात जी तळमळ उत्पन्न केली तिच्यापायी हा लेख लिहीत आहे.

बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन मी म्हैसुरास आलो तो काळ १९८०च्या दशकाचा मध्य होता. हे शहर महाराष्ट्रात राजवाडा, दसरा, रेशीम आणि चंदन यांच्यामुळे प्रसिद्ध; येथे संगणक घडत असत, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. १९७८ साली आयबीएमने भारतातील आपले बस्तान हलविल्यानंतर देशी कंपन्यांस जो अवसर मिळाला, त्यात विप्रोने इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरवर उभारलेला आपला संगणक पुढे आणला, आणि या कंपनीचा संगणकांचा कारखाना म्हैसुरात होता. पुढे एपसनच्या सहकार्याने तिने काढलेले एलएक्स-८०० हे डॉट मॅट्रिक्स छपाईयंत्र तर देशातील कचेऱ्यांत इतके रुळले, की त्याचा खरखर आवाज ऐकू येत नसलेली कचेरी त्या दशकाच्या अखेरीस शोधावी लागली असती. मी स्वतः त्या कारखान्यात नव्हतो. एका लहान कंपनीच्या देखभाल विभागात माझी नेमणूक होती, आणि बँका, सहकारी पतपेढ्या, मुद्रणालये, विद्यासंस्था अशा ठिकाणी संगणकास टर्मिनले, छपाईयंत्रे आणि मोडेम जोडून देणे व ती चालू ठेवणे हे माझे नित्याचे कर्तव्य होते. त्या काळी प्रत्येकाच्या मेजावर स्वतंत्र संगणक ही कल्पनाही खर्चाच्या दृष्टीने असाध्य असल्यामुळे, वातानुकूलित खोलीत एकच यंत्र, त्यावर युनिक्स ही कार्यप्रणाली, आणि त्याच्या आठ किंवा सोळा सिरियल पोर्टांतून निघालेल्या केबलींच्या टोकास एकेका कारकुनापुढे एकेक टर्मिनल, अशी व्यवस्था सर्वत्र असे.

आमच्या विभागात मंड्याकडचे एक कन्नड तंत्रज्ञ होते. वयाने माझ्याहून बरेच वडील असूनही ते मला ‘सार’ म्हणत, आणि कोणतीही तक्रार आली तरी त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे: ‘मोदलु लाइन नोडी, सार.’ आधी लाइन पाहा, मग यंत्राकडे वळा. लाइन पाहण्याची त्यांची रीत मी आयुष्यभर वापरली. मल्टिमीटरची काळी तार सातव्या पिनेस लावावयाची, लाल तार प्रथम दुसऱ्या आणि नंतर तिसऱ्या पिनेस; कोणीही बोलत नसताना ज्या पिनेवर ऋण दाब आढळेल ती पाठविणारी, आणि जी शून्याच्या आसपास घोटाळेल ती ऐकणारी. आरएस-२३२ या मानकाची १९६९ सालची जी ‘सी’ आवृत्ती सर्वमान्य झाली, तिच्यात ऋण तीन ते ऋण पंधरा व्होल्ट म्हणजे एक आणि धन तीन ते धन पंधरा व्होल्ट म्हणजे शून्य असा दंडक आहे, आणि विश्रांतीच्या अवस्थेत लाइन सदैव ‘एक’ सांगत असते. त्यामुळे मौनातही बोलणारी पिन ओळखता येते. दोन्ही टोकांस बोलणारी पिन एकाच क्रमांकाची निघाली, की दुसरी व तिसरी तार उलटसुलट करून क्रॉस केबल बांधावयाची. १९८४ साली आयबीएमच्या पीसी-एटीबरोबर नऊ पिनांचा कनेक्टर आला आणि त्यात पाठविण्या-घेण्याच्या पिनांची अदलाबदल होऊन भूमी सातवरून पाचवर आली, तेव्हा पुस्तकातील आकृती पाठ केलेल्या मंडळींची मोठी तारांबळ उडाली. पण मीटर हाती धरणाऱ्यास काही फरक पडला नाही. ज्ञान पाठांतराने आलेले आणि ज्ञान तपासून घेतलेले यांतील अंतर मला त्या केबलींनी शिकविले, असे मी आजही कृतज्ञतेने म्हणतो.

म्हैसुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलल्यावर जो वळीव येतो, त्याचे आणि आमच्या तक्रारवहीचे नाते फार निकटचे होते. मानकाप्रमाणे केबलीची लांबी पन्नास फुटांपलीकडे जाऊ नये. पण कचेरीचा दुसरा मजला किंवा आवारापलीकडची इमारत त्या मर्यादेची कदर करीत नसे, आणि कमी वेगावर शंभर-दोनशे फुटांची केबलही चालून जाई, म्हणून लोक ती सर्रास टाकीत. धोका लांबीत तितका नव्हता जितका दोन इमारतींच्या दोन वेगळ्या अर्थिंगमध्ये होता. सातवी पिन दोन्हीकडील भूमी एकत्र बांधते. त्या दोन भूमींच्या पातळीत फरक पडला म्हणजे प्रवाह त्या बारीक तारेतून वाहू लागतो, आणि जवळपास वीज कोसळली की १४८८ आणि १४८९ या क्रमांकांच्या, लाइन चालविणाऱ्या व ऐकणाऱ्या दोन चिप प्रथम बळी पडतात. हे दोन जिन्नस मी पावसाळ्यापूर्वी मूठभर आणवून ठेवीत असे. कित्येक ठिकाणी ते सॉकेटवर बसविलेले असत, ही त्या यंत्रांच्या रचनाकारांची दूरदृष्टी. झिजणारा व जळणारा भाग माणसाच्या हाताने बदलता यावा, हा विचार त्या पिढीच्या यंत्ररचनेत मूलभूत होता आणि तो आता नाहीसा झाला आहे, याचे मला मनापासून दुःख आहे.

परंतु या सर्वांहून माझे लक्ष ज्या प्रश्नाने अधिक वेधून घेतले, तो आठव्या बिटाचा. फ्रेंच तारअभियंता एमिल बोदो, ज्याच्या नावावरून बॉड हे वेगाचे एकक रूढ झाले, त्याने १८७०च्या दशकात रोमन अक्षरांस पाच-पाच बिटांच्या संज्ञा दिल्या. पुढे १९६३ साली ॲस्की या संकेताने सात बिट धरले, म्हणजे एकशे अठ्ठावीस चिन्हांची सोय झाली. त्यात इंग्रजीची मोठी आणि १९६७च्या आवृत्तीपासून लहान अक्षरेही, अंक, विरामचिन्हे आणि यंत्रास द्यावयाच्या सूचना सर्व मावल्या. तारेवरून अक्षर आठ बिटांचे जाई, पण आठवा बिट मजकुराचा नसून पडताळणीचा असे: अक्षरातील एकांची संख्या सम ठेवण्यासाठी तो एक किंवा शून्य करावयाचा, जेणेकरून वाटेत एखादा बिट उलटला तर घेणाऱ्यास कळावे. इंग्रजीपुरता हा बंदोबस्त निर्दोष होता, आणि म्हणूनच जगातील बहुतेक टर्मिनले, पोर्ट आणि युनिक्सचे आतील शिरस्ते हे ‘सात बिट आणि सम पडताळणी’ या गृहीतावर उभे राहिले.

आपल्या लिप्या या गृहीताच्या बाहेर होत्या. कानपूरच्या आयआयटीत ज्या प्रयत्नांस आरंभ झाला आणि जे १९८८नंतर मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सीडॅकमध्ये जिस्ट या नावाने वाढले, त्यांतून भारतीय लिप्यांसाठी इस्की हा संकेत सिद्ध झाला, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने त्यास आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. इंग्रजीस धक्का न लावता त्याच संकेताच्या वरच्या अर्ध्या भागात भारतीय अक्षरे बसवावयाची, अशी त्याची योजना. म्हणजे आठवा बिट शून्य असेल तर इंग्रजी आणि एक असेल तर देवनागरी किंवा कन्नड. आमच्या क्षेत्रातील कित्येकांस ही योजना समजली, पण तिचा तारेवर काय परिणाम होतो ते ध्यानात आले नाही. इस्कीमध्ये ‘क’चा क्रमांक १७९. वाटेत कोणी आठवा बिट कापला, तर त्यातून १२८ वजा होऊन ५१ उरतात, आणि ५१ म्हणजे ॲस्कीतला तीनचा अंक. म्हणून ‘क’च्या जागी तीन, ‘ख’च्या जागी चार, ‘ग’च्या जागी पाच, ‘घ’च्या जागी सहा, आणि ‘म्हैसूर’ या शब्दाच्या जागी एल, एच, एक्स, बी, डब्ल्यू, मग काकपदाचे चिन्ह आणि शेवटी ओ. कन्नडमधील पावत्या छापण्यासाठी हौसेने नवी जिस्ट टर्मिनले घेतलेल्या एका कचेरीत सर्व पडद्यांवर असा अर्थहीन मजकूर उमटला, तेव्हा व्यवस्थापकांनी टर्मिनले सदोष म्हणून परत पाठविण्याचा हुकूम तयार ठेवला होता. ती निर्दोष होती. युनिक्सच्या एसटीटीवाय या आज्ञेत आठवा बिट कापण्याचा एक पर्याय असतो, आयस्ट्रिप नावाचा, तो प्रत्येक लाइनवर चालू होता. तो बंद केला, अक्षर आठ बिटांचे केले, पडताळणीचा बिट रद्द केला, टर्मिनलाच्या मांडणीतही तेच नोंदविले, आणि पडद्यावर कन्नड अक्षरे आपल्या पूर्ण रूपात उभी राहिली. त्या खोलीतील कारकून मंडळी उठून एकाच पडद्याभोवती जमली. आपल्या लिपीस आठवा बिट लागतो आणि तो कोणी परक्या सवयीने कापू नये, यासाठी जागरूक राहणे हे मी तेव्हापासून माझ्या कामाचे अंग मानले.

त्या टर्मिनलांतील आणखी एक गुण येथे नमूद केल्याखेरीज राहवत नाही. इस्कीत सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांस एकच क्रमांक दिलेले असून, मजकूर कोणत्या लिपीत दाखवावयाचा हे स्वतंत्र संकेताने ठरते. त्यामुळे माझा कन्नड सहकारी जे कन्नडमध्ये लिही, ते एक कळ दाबून मला देवनागरीत वाचता येई. कन्नड लिपी मला तेव्हा अडखळत वाचता येत असे. भाषा मात्र कानांनी येत होती. माझे कन्नड वाचन त्या पडद्याने सुधारले.

छपाईयंत्राची अडचण वेगळ्या जातीची असे. ९६०० बॉडच्या लाइनवर एका अक्षरास प्रारंभाचा व अखेरचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदास नऊशे साठ अक्षरे येऊन थडकतात. आणि साधे डॉट मॅट्रिक्स यंत्र जलद छपाईतही सेकंदास दीडशे-पावणेदोनशेच्या फारसे पुढे जात नाही, देवनागरी चित्ररूपाने छापताना तर त्याहून पुष्कळ कमी. मधला मजकूर यंत्र आपल्या छोट्याशा स्मृतीत साठविते आणि ती भरत आली की थांबण्याचा इशारा देते. हा इशारा दोन वाटांनी जातो: घेण्या-पाठविण्याच्या तारेवरूनच १९ क्रमांकाचा संकेत धाडून थांबवावयाचे आणि १७ क्रमांकाचा धाडून पुन्हा सुरू करावयाचे, किंवा वेगळ्या पिनेवरील दाब उतरवावयाचा. ही पिन काही यंत्रांत विसावी आणि काहींत अकरावी असे. केबल बांधणाऱ्याने ती तार सोडली, तर पहिले पान अगदी बिनचूक छापले जाते, पाहणारा संतुष्ट होऊन निघून जातो, आणि खातेउताऱ्याच्या चौथ्या पानापासून ओळींचे तुकडे गळू लागतात. म्हणून मी कोणतीही जोडणी एका पानावर मंजूर करीत नसे. लांब अहवाल छापवून तो मूळ फाइलीशी ओळीबरहुकूम रुजू करून पाहिल्यावरच सही करीत असे.

आता त्या शेवटच्या कामाकडे येतो. काही काळापूर्वी शहरातील एका संस्थेचे चिटणीस, तिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, माझ्या सरस्वतीपुरममधील घरी आले. त्यांच्या दफ्तरखान्यात १९९०च्या दशकातील एक युनिक्स संगणक धूळ खात पडला होता, टर्मिनले केव्हाच मोडीत गेली होती, आणि त्या यंत्राच्या डिस्कवर एका कन्नड-मराठी शब्दसंग्रहाच्या नोंदी होत्या, ज्या गावोगाव हिंडून गोळा करणाऱ्यांपैकी बहुतेक आता हयात नव्हते. कागदी चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. दोन ठिकाणी चौकशी करता ‘हे यंत्र आता कशासही जोडता येणार नाही’ असे उत्तर त्यांना मिळाले होते.

यंत्र प्रथम चालू करण्याचा मोह आवरून आम्ही ते उघडले. माझ्याबरोबर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी होता, कन्नडभाषी, हाताचा स्थिर आणि स्वभावाने सोशिक. जुन्या यंत्राच्या मदरबोर्डावरील घड्याळाची निकेल-कॅडमियम बॅटरी वर्षानुवर्षांत पाझरते आणि तिचे क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतात. ती काढून जागा स्वच्छ केली. वीजपुरवठ्यातील वाळलेले कपॅसिटर बदलले. डिस्क फिरली तेव्हा त्या मुलाने माझा हात धरला. मागच्या बाजूस पोर्ट होते, पण त्यांवरील क्रमांकाचे कागद गळून पडले होते आणि करारासंबंधी एक अक्षरही कोठे लिहिलेले नव्हते. मीटरने बोलणारी पिन सापडली. वेग मात्र मीटरने कळत नाही. ऑसिलोस्कोपवर यंत्राचा उंबरठ्यावरचा मजकूर पकडून त्यातील सर्वांत अरुंद स्पंदन मोजले, ते सुमारे एकशे चार मायक्रोसेकंद निघाले. एका सेकंदास त्याने भागले की ९६०० येतात. नव्या संगणकांना सिरियल पोर्ट नसतोच, म्हणून यूएसबीचा परिवर्तक वापरला. असा परिवर्तक घेताना तो खऱ्या आरएस-२३२ दाबाचा आहे याची खातरजमा करावी लागते, कारण बाजारात शून्य ते पाच व्होल्टवर चालणारेही मिळतात आणि जुन्या यंत्राच्या धन-ऋण बारा व्होल्टांनी ते तत्काळ निकामी होतात. नव्या संगणकाच्या पडद्यावर जुन्या यंत्राने नाव आणि परवलीचा शब्द विचारला, आणि चिटणिसांनी तो एका जुन्या रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावरून वाचून दाखविला.

फाइली दिसल्या, पण त्या पोर्टांची मांडणी सात बिटांची होती आणि आज्ञा देऊनही ती बदलेना. मजकूर आठ बिटांचा, वाट सात बिटांची. येथे युनिक्समधील एक जुनी सोय उपयोगी पडली. १९८० साली बर्कली येथे तयार झालेली यूयूएनकोड ही आज्ञा आठ बिटांचे तीन घटक घेऊन त्यांतील चोवीस बिटांची सहा-सहाच्या चार गटांत विभागणी करते आणि प्रत्येक गट सात बिटांच्या साध्या छापील चिन्हाने लिहिते. मजकूर तिसऱ्या हिश्श्याने फुगतो, पण अरुंद वाटेतून अखंड बाहेर पडतो. सेकंदास नऊशे साठ चिन्हे या गतीने चार मेगाबाइटांस दीड तासाहून अधिक वेळ लागतो. आम्ही एकेक फाइल उतरवून घेतली, दोन्हीकडे तिची पडताळणीची बेरीज काढली आणि ती जुळल्यावरच पुढची हाती घेतली. त्या मुलास मी सांगितले, की हे काम घाईने उरकावयाचे नाही. आणि त्याने ते उरकले नाही.

यापुढची अडचण मला अपेक्षित नव्हती. इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये नेणे एरवी सोपे आहे, कारण युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्याच क्रमावर बेतलेली आहे. पण युनिकोडने प्रत्येक लिपीस स्वतंत्र घर दिले, आणि इस्कीत सर्व लिप्यांचे क्रमांक एकच. नोंदीतील कोणता रकाना कन्नडचा आणि कोणता मराठीचा, हे सांगणारा लिपीचा संकेत फाइलीत नव्हता. बहुधा जुना कार्यक्रम पडद्यावर दाखविताना तो स्वतः जोडीत असावा, आणि तो कार्यक्रम नष्ट झाला होता. तेव्हा आम्ही अक्षरांकडे वळलो. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ हे स्वर आहेत, मराठीत त्यांस स्वतंत्र चिन्ह नाही. इस्कीत त्यांना वेगळे क्रमांक आहेत. ज्या रकान्यांत ते क्रमांक वारंवार आढळले ते कन्नडचे, जेथे त्यांचा मागमूस नव्हता ते मराठीचे. उरलेल्या शंका त्या मुलाने आणि मी समोरासमोर बसून वाचून सोडविल्या: तो कन्नड शब्द मोठ्याने उच्चारी आणि मी समोरचा मराठी अर्थ. शेतीतील अवजारे, विहिरीवरील मोटेचे भाग, धान्याची मापे, दुखण्यांची नावे, लग्नातील जिनसा. कित्येक शब्द मी बेळगावकडे लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेले होते आणि नंतर कोणत्याच कोशात पाहिलेले नव्हते.

मोठ्या संस्थांचे असे होत नाही. १९९१च्या सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांचे यंत्रस्थ शब्दसंचय करण्याची योजना आखली, तेव्हा मराठी व गुजरातीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आणि दक्षिणेतील चार भाषांचे काम येथील मानसगंगोत्रीतील भारतीय भाषा संस्थानाकडे आले; प्रत्येक भाषेस सुमारे तीस लाख शब्दांचे उद्दिष्ट होते, आणि तो ऐवज पुढील यंत्रांवर वेळोवेळी चढविला गेल्यामुळे अभ्यासकांस उपलब्ध राहिला. ज्यांच्याजवळ अशी तरतूद नसते, अशा लहान वाचनालयांची, मुद्रणालयांची, मंडळांची आणि खासगी संशोधकांची यंत्रे आपल्या मजकुरासह भंगाराच्या तराजूत जातात. हे माझ्या मते अक्षम्य आहे, कारण ते अडाणीपणाने घडत नसून केवळ चार ओळी लिहून न ठेवल्यामुळे घडते. यंत्र शाबूत असते, डिस्क फिरत असते, मजकूर जागच्या जागी असतो, आणि तरीही तो वाचावयाचा कसा हे सांगणारा माणूस बदली होऊन, निवृत्त होऊन किंवा मृत्यू पावून निघून गेलेला असतो.

म्हणून ज्यांच्या संस्थेत, छापखान्यात किंवा घरी असे जुने यंत्र आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. त्याची केबल फेकू नका. तिला एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधा आणि त्यावर वेग, बिटांची संख्या, पडताळणी, थांबविण्याची रीत, परवलीचा शब्द आणि मजकूर कोणत्या संकेतात व कोणत्या लिपीत आहे, एवढा तपशील ठळक अक्षरांत लिहा. तो ठाऊक नसेल तर ज्यांना ठाऊक असेल अशा जुन्या कर्मचाऱ्यास आजच पत्र पाठवा किंवा त्यांच्या घरी जा. आमच्या पिढीतील माणसे आता सत्तरीच्या घरात आहेत, आणि कोणी विचारावयास आले तर त्यांना आनंदच होईल. बॅटरी काढून ठेवा. आणि मजकूर उतरवून घेण्याचे काम हाती घ्यावयाचे असेल, तर ते वळवापूर्वी, दोन्ही यंत्रे एकाच अर्थिंगवर जोडून करा.